गावात बारक्या, लढाईत ताई

मला डोळे नाहीत, मित्रांनो. मला अंगठे कळतात आणि ऐकू येतं, तेवढंच. मी एक जुना कंट्रोलर आहे. टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्रातून एक वायर निघते आणि तिच्या टोकाला दोन हातांत मावणारा चपटा राखाडी तुकडा असतो, तो मी. ज्या घरात मी राहिलो त्या घरातली आई मला शेवटपर्यंत रिमोट म्हणत राहिली. मी ते कधी मनावर घेतलं नाही.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. माझ्या पोटात तांब्याच्या रेघा असलेली एक पट्टी बसवली गेली आणि प्रत्येक बटणाखाली रबराची एक छोटी टोपी. टोपीच्या आत काळा ठिपका असतो. बटण दाबलं की ठिपका रेघांना टेकतो, सोडलं की टोपी त्याला पुन्हा वर उचलते. माझं सगळं शरीरशास्त्र एवढंच आहे. शेवटच्या टेबलावर एक बाई बसायची. तिचं काम प्रत्येक बटण दहा वेळा दाबून बघण्याचं. तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. तिने मला दहादा दाबलं, "ठीक" म्हणाली आणि पुढचा उचलला.

घरी मला मामाने आणलं. घरात भावंडं दोन. तेरा वर्षांची ताई आणि नऊ वर्षांचा बारक्या. यंत्राला कंट्रोलरसाठी दोन खाचा होत्या, पण मी एकटाच होतो. सोबत एकच कॅसेट होती, जपानहून आलेल्या जुन्या धर्तीच्या खेळाची. तुम्ही तसला खेळ पाहिला नसेल तर सांगतो. चार वीर गावोगाव फिरतात. गावातली माणसं त्यांच्याशी बोलतात, त्यातून गोष्ट पुढे सरकते. गावाबाहेर पडलं की राक्षस गाठतात आणि लढाई जुंपते. लढाईत घाई नसते. तुम्ही हुकूम द्यायचा, मग शत्रूने वार करायचा, मग पुन्हा तुम्ही. हिशेब चुकला की चौघं मरतात.

पहिल्याच आठवड्यात माझ्यावरून भांडण झालं आणि त्यातून एक कायदा निघाला. गावात बारक्या, लढाईत ताई. गावातून फिरताना मी बारक्याच्या हातात असे. त्याचा अंगठा गरम आणि बिस्किटाने चिकट. तो प्रत्येक माणसाशी बोले, अगदी विहिरीवरच्या म्हातारीशीसुद्धा, आणि पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवी. राजाचा आवाज जाड, चोराचा नाकातून. मला जी काही गोष्ट कळली ती त्याच्या तोंडून. लढाईचा ढोल वाजला की तो "ताई, ताई!" ओरडत मला पलीकडे ढकली. ताईचा अंगठा कोरडा आणि नख कापलेलं. ती एकदाच दाबे, नेमकं, जितकं लागतं तितकंच. मांडीवर तिची चौकड्यांची वही असे. कुठल्या तलवारीने किती मार बसतो ते ती आकड्यांत लिहून ठेवी.

दोघांचा वाद मात्र कायद्याने मिटला नाही.

"त्या बाईचा मुलगा सापडला का, एवढंच मला बघायचंय," बारक्या म्हणायचा. "त्यासाठी चाळीस वटवाघळं कशाला मारायची?"

"कारण तो पोरगा चाळीस वटवाघळांच्या पलीकडे अडकलाय. सहज सापडला असता तर त्याच्या आईनेच नसता का आणला?"

"पण मला कंटाळा येतो."

"तिलाही आला असेल. मार न खाता पोरगा आणून दिला आणि तिने आभार मानले, तर त्या आभारांत काय राम?"

"गोष्ट पुढे जावी म्हणून लढायचं असतं. लढता यावं म्हणून गोष्ट नसते."

मामा हसायचा. "दोघांनाही वकील करा," तो आईला म्हणाला एकदा.

"वकील पुरे झालेत या घरात," आई म्हणाली.

त्या वर्षी मोठी माणसं दार लावून बोलत. मग एका दुपारी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता आईने मुलांना सांगितलं. बाबा दुसऱ्या शहरात राहायला जाणार. बारक्या त्यांच्याबरोबर जाईल, ताई इथेच राहील. शाळेचा निकाल लागला की त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी. मी बारक्याच्या हातात होतो. त्याचा अंगठा बटणावर तसाच राहिला.

"म्हणजे सहा आठवडे," ताई म्हणाली.

आई आत गेल्यावर बारक्याने विचारलं, "तेवढ्यात संपेल का गं हा खेळ? मला शेवट बघायचाय."

"संपवूच. तू जायच्या आधी तुला शेवट दाखवते. नक्की."

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी दोन तास कामावर असे. गोष्ट झपाट्याने पुढे गेली. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी चौघं वीर एका नदीपाशी आले. नदीवर काळा पूल होता आणि पुलावर एक सरदार उभा होता. अलीकडच्या काठावर एक नावाडी भेटला. बारक्याने खोकत खोकत त्याचं बोलणं वाचलं, "या पुलावरून चालत कोणी पलीकडे गेलं नाही. जे गेले त्यांना बांधून नेलं."

पुलावर ताईने मला घेतलं. सरदार भलताच भारी निघाला. तीन वीर पडले, चौथा पडायच्या बेतात आला, तेव्हा ताईने हात लांब करून यंत्रावरचं रिसेटचं बटण दाबलं. ही तिची जुनी रीत. हार नोंदली जायच्या आत खेळ मागच्या सेव्ह केलेल्या जागेपासून पुन्हा सुरू होई. सेव्ह केलेल्या नोंदीत खेळ हारींची संख्या दाखवतो आणि या दोघांची अजून शून्य होती. ते शून्य तिला शेवटपर्यंत न्यायचं होतं.

"ताई, हा हरवण्यासाठी नाहीये," बारक्या म्हणाला. "नावाडी म्हणाला ना, बांधून नेतात. म्हणजे आपल्यालाही बांधूनच नेणार. एकदा हरून बघ."

"हरून कोणी पुढे जातं का? आपली ताकद कमी पडतेय, एवढंच."

"गोष्टीत तसं लिहिलंय!"

"गोष्टीत काहीही लिहितात. आकडे खोटं बोलत नाहीत."

तिसरा आठवडा तिने जंगलात लांडगे मारून वीरांची ताकद वाढवण्यात घालवला. पुन्हा पूल, पुन्हा रिसेट. ती रीतसर काम करे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तलवार, मग ढाल, मग औषध देण्याचा क्रम. सरदाराला बसलेल्या माराची बेरीज ती मोठ्याने करी. नऊ हजार. पुढच्या खेपेला बारा हजार. मग एकोणीस हजार. बेरीज वाढत होती आणि सरदार होता तिथेच होता. इतक्या प्रयोगांत एक प्रयोग तिने केलाच नाही. शेवटचा वीर पडल्यावर काय होतं ते तिने पाहिलं नाही. ढोल थांबायच्या आत तिचा हात रिसेटवर गेलेला असे.

या सगळ्यात गाव कुठे येतच नव्हतं, त्यामुळे बारक्याचा अंगठा मला क्वचित लागे. सुरुवातीला तो रोज म्हणे, "एकदा हरून बघ ना." चौथा आठवडा उलटल्यावर मात्र तो एकदम म्हणायचा थांबला. तिला खेटून बसे आणि बेरीज चुकली की सांगे. ताईला वाटलं, पटलं त्याला. मलाही तसंच वाटलं.

निकालानंतरचा दुसरा शनिवार आला. बॅगेची चेन लागल्याचा आवाज आला. बाबा जिन्यातून म्हणाले, "चला राजे." बारक्या खोलीत आला आणि त्याने मला उचललं. एकही बटण दाबलं नाही, नुसतं धरलं. ताई दारात उभी होती.

"सुट्टीत आलास की दाखवते," ती म्हणाली.

"हो."

त्यानंतर दोन महिने मला कोणी हात लावला नाही. टीव्हीवरची धूळ पुसताना आई मला एका बाजूने दुसऱ्या बाजूला ठेवी. शाळा सुरू झाल्यावर ताई घरी यायची, जेवायची, अभ्यासाला बसायची. दर रविवारी सकाळी फोन वाजे. "जेवलास का? शाळा कशी आहे? बरं, ठेवते," असं तिचं बोलणं मला ऐकू येई. त्याहून लांब ते कधी गेलं नाही.

मग एका रविवारी, फोन यायच्या आधी, तिने मला उचललं. वही घेतली नाही. थेट पुलावर गेली. तिचा अंगठा मला ओळखू येईना. औषध नाही, ढाल नाही, बेरीज नाही. वार, वार, वार. सरदाराने एक वीर पाडला, दुसरा पाडला. तिसरा पडला, चौथाही पडला, आणि ताईचा हात रिसेटकडे गेलाच नाही. तो माझ्यावरच होता, गार पडलेला.

ढोल थांबला. थोडा वेळ काहीच नाही. मग टीव्हीतून पाण्याचा थेंब पडल्यासारखा आवाज आला. एक थेंब. मग दुसरा.

ताईने श्वास आत घेतला. दोन महिन्यांत त्या खोलीत पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने वाचलं. "शुद्धीवर आलास? हळू बोल. पहारेकरी जागा आहे." तिने घाईने दोन-तीन बटणं दाबून सेव्ह केलं आणि पुटपुटली, "हार शून्य. अजून शून्यच." खेळ त्या हरण्याला हार धरतच नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला, कारण मला ती खाली ठेवायला तयार नव्हती.

"बारक्या, पुढे गेलं! हरल्यावर पुढे जातं! चौघं मरत नाहीत रे, कोठडीत जागे होतात. बांधून नेलंय त्यांना."

पलीकडे नुसती खरखर.

"ऐकतोयस ना?"

"मला माहीत होतं," बारक्या म्हणाला.

"तुझा तो नावाडी, कळलं."

"तसं नाही. नक्की माहीत होतं. वर्गातल्या एकाने सांगितलं. त्याच्या दादाने पूर्ण खेळलाय."

"कधी सांगितलं?"

"मी तिकडे होतो तेव्हाच. दोन आठवडे राहिले होते."

"आणि तू बोलला नाहीस?" तिचा अंगठा माझ्यात रुतला. "दोन आठवडे मी आकडे लिहीत बसले. आणि तू बाजूला बसून बेरजा तपासत होतास!"

"तू जिंकायला बघत होतीस तोवर आपण रोज खेळत होतो. पुढे गेलो असतो तर संपला असता ना खेळ."

"शेवट बघायचा होता ना पण तुला?"

"हो, होता," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "कोठडीत कोण बोलतंय? म्हातारा की बाई?"

"माहीत नाही. पुढचं मी दाबलेलं नाही."

"दाब ना. वाच."

तिने वाचलं. पण तिला आवाज काढता येत नसत. राजा, चोर, पहारेकरी, सगळे एकाच सुरात बोलू लागले, गणिताचं उदाहरण वाचावं तसे. "असं नको गं," बारक्या म्हणाला, "कोण बोलतंय तेच कळत नाही." त्याने तिला फोनवर चोराचा आवाज शिकवायचा प्रयत्न केला. ती हसली, तोही हसला. मग मागून बाबांचा आवाज आला, बाहेर जायचं होतं, उशीर होत होता.

पुढचे चार रविवार त्यांनी तसं खेळून पाहिलं. ती दाबायची, वाचायची. लढाई आली की तो पलीकडे गप्प बसून राही आणि ती दिलगिरीच्या सुरात म्हणे, "आत्ता संपतेय, थांब हं." पडदा त्याला दिसत नव्हता आणि मलाही नव्हता. त्या खेळात आंधळे आम्ही दोघं आणि सांगणारी ती एकटी. पाचव्या रविवारी त्याची क्रिकेटची मॅच होती. सहाव्याला ताईची परीक्षा. सुट्टीत तो आला तेव्हा त्याच्या बोलण्यात तिकडचेच मित्र होते, आणि चार दिवसांतले दोन मामाकडे गेले. एकदा त्याने मला हातात घेतलं. अंगठा मोठा झाला होता आणि चिकट राहिला नव्हता. "अजून कोठडीतच आहेत का ते?" त्याने विचारलं. "तिसऱ्या मजल्यावर," ताई म्हणाली. त्याने मला खाली ठेवलं.

आता मी एका खणात आहे, बंद पडलेल्या विजेरीजवळ. माझ्या एका बटणाखालची टोपी फाटली आहे, ते दाबलं की वर येत नाही. कोणीतरी वायर माझ्याभोवती आवळून गुंडाळली. मित्रांनो, असं करू नका. वायर सैल ठेवावी, नाहीतर आतली तार तुटते आणि बाहेरून ते कळत नाही. मला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसलंत तरी पुरे. माझ्यासाठी मागायचं ते एवढंच.

त्या खेळाचा शेवट काय आहे ते मला माहीत नाही. तो कॅसेटमध्ये लिहिलेला असणारच, पण मला कोणी वाचून दाखवलेला नाही. लढाई महत्त्वाची की गोष्ट, हेही मी सांगू शकत नाही. माझ्यावर दोन्ही अंगठे सारखेच दाबले गेले. तरी तुमच्या हातात असा एखादा कंट्रोलर आला तर शेजारी कोण बसलंय ते बघा. ते माणूस "एकदा हरून बघ" म्हणालं, तर एकदा त्याचं ऐका. ते एकदम गप्प झालं, तर पटलं असेल असं धरून चालू नका, का ते विचारा. अजून पुष्कळ दिवस आहेत असं तुम्हाला वाटेल. ताईला तर तारीख माहीत होती.