एकच बोर, हळू

मालनबाई निफाडहून नाशिकला लेकाकडे आल्या की आधी त्यांचा आवाज यायचा आणि मग त्या. लिफ्टचं दार उघडायच्या आतच "आली गं आजी! कुठंय माझी सोनुली?" ही हाक सगळ्या मजल्यांना ऐकू जायची. घरात शिरलं की पिशवी एकीकडे, चपला दुसरीकडे आणि मालनबाई दोन्ही हात पसरून थेट नातीवर. गाल ओढायचे, पापे घ्यायचे, कडेवर उचलून गरगर फिरवायचं. माया करायची तर दणक्यात करावी, असं त्यांचं साधं सरळ मत होतं.

नातीचं मत वेगळं होतं. आजीची हाक ऐकली की ती फ्रिजमागे जाऊन उभी राहायची.

तिचं गोदा हे नाव मालनबाईंनीच हौसेनं ठेवलेलं. नाव नदीचं, पण पोरीला पूर म्हणून कधी यायचा नाही. साडेचार वर्षांची गोदा नव्या माणसापुढे ओठ उघडत नसे. खाली मुलं खेळत असली की ती आठवडाभर जिन्यात बसून नुसती बघायची, आणि मग एके दिवशी अशी काही मिसळायची की रात्री तिला ओढून घरी आणावं लागे. पण आठवडाभर थांबायला मालनबाईंना सवड कुठली? द्राक्षबाग सोडून त्या दोन दिवसांसाठी यायच्या. दोन दिवसांत गोदा फ्रिजमागून सोफ्यामागे, एवढीच सरकायची. तिसऱ्या दिवशी ती आजीला शोधत घरभर फिरायची, तेव्हा आजी एसटीत बसलेली असे.

पोरीनं एकदा तरी आपणहून आपल्या मांडीवर यावं, एवढंच मालनबाईंना हवं होतं. शेजारच्या झुंबरबाईंच्या मांडीवर ती खुशाल बसायची. झुंबरबाई ना गाल ओढायच्या, ना हाका मारायच्या. तासन् तास मेथी निवडत बसायच्या. एकदा ते दृश्य पाहिलं आणि मालनबाईंचं तोंड असं उतरलं, की त्या दिवशी त्यांनी चहासुद्धा अर्धाच प्यायला.

या संक्रांतीला मात्र त्या कंबर कसूनच आल्या. बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, शिवाय डब्यात काटेरी हलव्याचे दागिने. गोदाचं हे शेवटचं बोरन्हाण. पुढच्या वर्षी पोर पाचाच्या वर जाणार, मग कोण घालतंय? आणि गेल्या वर्षीचं तर वायाच गेलं होतं. मालनबाईंनी पातेलंभर बोरं पोरीच्या डोक्यावर धबाधबा ओतली, वीसेक मुलं ती लुटायला तुटून पडली, आणि गोदानं किंकाळी फोडून हलव्याचा हार तोडला. नंतर ती पलंगाखाली सापडली. मालनबाईंनी नजर लागली म्हणून मीठमिरच्या ओवाळल्या. नजर लागायला कुणी पोरीला धड बघितलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

"आई, यंदा नको ना," उज्वला म्हणाली. उज्वला म्हणजे त्यांची सून. "तिला नाही आवडत."

"न आवडायला काय हाय त्यात? बोरं पडायची, पोरांनी लुटायची. उगा भित्री करून ठेवलीय तुम्ही तिला."

"भित्री नाहीये हो ती. तिला कुठलीही गोष्ट आधी लांबून बघावी लागते, मग जवळून, मग हात लावून. तिची रीतच तशी आहे."

"रीत बदलता येती. महेशला पोहायला कुणी शिकवलं? मी! दिला ढकलून विहिरीत."

"म्हणून तर ते अजून पोहत नाहीत."

पेपरामागून महेशला ठसका लागला. मालनबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं पेपर आणखी वर धरला.

पाच वाजता बायका-मुलं येणार होती. चार वाजता हॉलमध्ये रांगोळी काढून पाट मांडला. गोदानं काळा फ्रॉक मुकाट्यानं घालून घेतला, पण हलव्याचा मुकुट दिसला आणि ती फ्रिजमागे गेली. मालनबाईंनी आधी चॉकलेट दाखवलं. मग गाणं म्हटलं. मग "जा, मी चालले निफाडला" म्हणून रुसून पाहिलं. शेवटी हात आत घालून तिचं मनगट धरलं आणि ओढलं.

गोदा या खेपेला किंचाळली नाही. ती काठीसारखी ताठ झाली आणि अगदी हळू म्हणाली, "आजी, सोड."

मालनबाईंनी हात सोडला. किंचाळली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. रडणाऱ्या पोराला कसं पटवायचं ते त्यांना ठाऊक होतं. हे दोन शब्द मात्र थेट काळजात गेले. त्या हॉलमध्ये आल्या, पाटाशेजारी खाली बसल्या आणि किडकी बोरं निवडून बाजूला टाकायला लागल्या. डोळ्यांत पाणी आलेलं कुणाला दिसू नये म्हणून मान खाली. घरात इतकी शांतता झाली, की आईला बरं नाही की काय म्हणून महेश दोनदा डोकावून गेला.

थोड्या वेळानं सोफ्याच्या कडेला काळ्या फ्रॉकची झालर दिसली. मग ती टीव्हीपाशी आली. मग रांगोळीच्या काठाशी. मालनबाईंच्या ओठांवर "ये गं माझी सोनुली" आलंच होतं, पण त्यांनी घाईनं एक बोर तोंडात टाकलं. तोंड रिकामं झालं की पुन्हा शब्द यायचे, म्हणून लगेच दुसरं. गप्प बसायचं म्हणजे इतकं कष्टाचं काम असतं, हे त्यांना या वयात कळत होतं.

"आजी, बोर डोक्यावर पडलं की लागतं?"

"नाय गं लागत."

"तुझ्यावर टाकली होती?"

मालनबाई आठवायला लागल्या. घरात सात भावंडं, कुणाचं बोरन्हाण आणि कुणाचं काय. "नाय बाई. आमचं एवढं कौतुक कोण करणार?"

"मग तुला कसं माहीत?"

सरपंचालाही गप्प करणाऱ्या मालनबाईंनी हातातलं बोर खाली ठेवलं. "खरंच की," त्या म्हणाल्या. "मला नाय ठाऊक. बघायचं का टाकून?"

गोदानं आधी बोरांकडे, मग आजीच्या डोक्याकडे बघितलं आणि मान डोलावली. मालनबाई गुडघ्यांवर हात टेकत उठल्या आणि पाटावर जाऊन बसल्या. गोदानं ढिगातलं सगळ्यात बारकं बोर शोधलं आणि त्यांच्या डोक्यावर सोडलं. टक.

"लागलं?"

"जरासं," मालनबाई खरं बोलल्या. "पण गंमत वाटती."

मग दोन बोरं. मग मूठभर चुरमुरे. मग रेवड्या. उसाचे तुकडे गोदानं स्वतःच बाजूला काढले, "हे लागेल तुला" म्हणून. मग तिनं हलव्याचा मुकुट उचलून आजीच्या डोक्यावर ठेवला, स्टुलावर चढली आणि चुरमुऱ्यांचं अख्खं पातेलं उपडं केलं. घरात हसण्याचा पूर आला, आणि तो गोदाचा होता.

बेल वाजली. आलेल्या बायका दारातच थबकल्या. पाटावर साठीतल्या मालनबाई, डोक्यावर मुकुट, कानांत चुरमुरे, आणि स्टुलावर मालकीणबाईंच्या तोऱ्यात गोदा उभी. मुलांना तर हे फारच आवडलं. ती पाटासाठी रांगेत उभी राहिली, आणि गोदा एकेकाला न्हाऊ घालत "लागलं?" असं विचारत राहिली.

"अहो, पण जिचं बोरन्हाण तिलाच नाही का घालायचं?" एकीनं विचारलं.

"तिचं ती सांगंल," मालनबाई म्हणाल्या. "घाई कुणाला हाय?"

तिळगुळाचं ताट घेऊन येणारी उज्वला जागच्या जागी थांबली. मग सासूबाईंच्या हातावर तिनं एकाऐवजी तीन लाडू ठेवले.

माणसं गेली. महेश चुरमुरे झाडत होता. मालनबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसल्या होत्या. गोदा आली, त्यांच्याकडे न बघताच वळली आणि मांडीवर बसली, जणू ती जागा कायमची तिचीच होती. तिला आवळून धरायला मालनबाईंचे हात शिवशिवले. त्यांनी ते दोन्ही बाजूंना फरशीवर घट्ट टेकवून ठेवले.

गोदानं मूठ उघडली. आत एक बोर होतं.

"आता माझ्यावर," ती म्हणाली. "एकच. हळू."

मालनबाईंनी ते बोर तिच्या केसांवर इतक्या जवळून सोडलं, की ते पडलं कमी आणि टेकलं जास्त. मग ते घरंगळून आजीच्या पदरात आलं. गोदानं केसांना हात लावून बघितला.

"लागलं का गं?" मालनबाईंनी विचारलं. असा हळू आवाज त्यांच्यापाशी आहे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"नाही. अजून एक."

"महेश," मांडी हलणार नाही अशा बेतानं मालनबाई म्हणाल्या, "उद्याची एसटी राहू दे. बाग काय पळून जात नाय."