रखमामावशींची हाक

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. काळाचौकीच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, भिंतीवर टांगलेला. नवा होतो तेव्हा माझी ऐट काय विचारता! रखमामावशींच्या नवऱ्याने, रघुनानांनी, मला घरी आणलं आणि मॅच बघायला अख्खा मजला दारात जमला. मग घरोघरी माझ्यापेक्षा मोठे टीव्ही आले, नाना गेले, आणि मी एकट्या रखमामावशींच्या वाट्याला आलो. अंगावर धूळ, आवाजात खरखर. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

गेल्या वर्षी त्यांच्या नातीने, ओवीने, माझ्या पाठीत नेटची स्टिक खोचून दिली. मावशींना त्यातली एकच मालिका भावली. तिचा नायक काळा मुखवटा घालून सुनसान शहरात लोकांचे जीव वाचवतो. पण एक जीव वाचवला की त्याच्याच घरातलं एक माणूस त्याला कायमचं विसरतं. चित्र इतकं अंधारं, की माझ्या काचेत मावशींचाच चेहरा दिसायचा.

दुपारची जेवणं उरकली की त्या बसायच्या आणि ओरडायच्या. "अरे मेल्या, मागे बघ! धाव, धाव!" "गो बाय माझे, आईसुद्धा ओळखत नाय रे तुला!" एकदा तो मुखवटा काढून सरळ बाहेर बघत राहिला. मावशींनी पदर सावरला आणि हळूच विचारलं, "जेवलास काय रे?" तो माझ्यातून नक्की कोणाला बघत होता, मलाही कळलं नाही.

भिंतीपलीकडे मेघना ब्लाउज शिवत बसलेली असे. "झालं मावशींचं चालू!" म्हणून ती हसायची.

त्या गुरुवारी सातवा भाग लागला होता. मावशी पाण्यासाठी उठल्या आणि कोसळल्या. तोंड एका बाजूला वाकडं झालं. "धाव गो! धाव!" त्यांनी हाक मारली. नेमकी तेव्हाच माझ्यातली एक बाई किंचाळली.

भिंतीपलीकडून हसू आलं. "मावशी, आज कोण मेलं?"

मी काय करणार? मला स्वतःचा आवाज नाही, मित्रांनो. दुसऱ्यांच्या किंकाळ्या तेवढ्या माझ्या तोंडी. मावशी फरशीवरून माझ्याकडे बघत होत्या. बोटं हलत होती, शब्द फुटत नव्हता. आणि माझ्यात तो मुखवटेवाला परक्या माणसांना वाचवत सुटला होता. आठवा भाग लागला, नववा लागला. लाज वाटली हो मला!

शेवटी माझ्यावर आपोआप अक्षरं उमटली, 'अजून पाहताय ना?' कोणी बटण दाबलं नाही. मी गप्प झालो. ती शांतता मात्र मेघनाला ऐकू गेली. हातातला कपडा टाकून ती धावत आली.

मावशी वाचल्या. पण डॉक्टर म्हणाले, "दोन तास आधी आणायला हवं होतं." वाचा गेली ती गेलीच.

मला पुसा, मला जपा, असं सांगायला मी बसलेलो नाही, मित्रांनो. शेजारून रोजचाच आरडाओरडा आला, तरी एकदा उठून दारात डोकावा. एवढंच मागणं.

ती मालिका मावशी आजही बोटाने खुणावून लावायला सांगतात. मेघना शिवणकाम घेऊन त्यांच्याजवळ बसते. भीतीचा प्रसंग आला की मावशींचं तोंड उघडतं, गळ्याच्या शिरा ताणल्या जातात, आवाज येत नाही. मेघना माझ्याकडे बघतच नाही. ती त्या उघड्या तोंडाकडे बघत बसते.