जहाजातलं बाबांचं स्वयंपाकघर

माझा फोटो स्टुडिओ आहे. दिवसभर लोकांना "हनुवटी खाली, खांदे सरळ" म्हणत पासपोर्टचे फोटो काढायचे, हा माझा धंदा. आमच्या पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर रुतलेलं मालवाहू जहाज सोमवारपासून तोडणार असं कळलं, तेव्हा मी ठरवलं, रविवारी पहाटे जायचं आणि दिवे, फ्लॅश काही न नेता नुसत्या उगवत्या उन्हात त्याचा फोटो काढायचा.

"मीही येतो," बाबा म्हणाले.

मी चाटच पडले. त्या जहाजावर ते अकरा वर्षं स्वयंपाकी होते. नऊ वर्षांपूर्वी वादळात ते वाळूत रुतलं. बावीसच्या बावीस जण सुखरूप उतरले, पण त्यानंतर बाबा तिकडे फिरकले नव्हते. कुणी विषय काढला की उठून कांदा चिरायला घ्यायचे.

पहाटे बघते तर बाबा इस्त्रीच्या शर्टात, केस चापूनचोपून बसवलेले.

"फोटो जहाजाचा आहे, बाबा."

"म्हणून काय गबाळ्यासारखं जायचं?"

ओहोटी संपत आली होती. वाळूत ट्रायपॉड रोवून मी थांबले. आभाळ तांबूस झालं, जहाजामागून सूर्य वर आला. मी पटापट फोटो काढले. बाबांनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं.

"हे काय? नुसता काळा डोंगर! सगळं ऊन पलीकडे आणि आपण सावलीत. तिकडे चल, त्या बाजूला माझं स्वयंपाकघर आहे."

विजार दुमडून ते गुडघाभर पाण्यात शिरलेसुद्धा. कॅमेरा डोक्यावर धरून मी मागे.

"तासाभरात भरती येईल," ते म्हणाले. "नेहमीसारखं 'अजून एक, अजून एक' केलंस, तर पोहत परतायचं."

पलीकडे गेलो आणि मी कॅमेरा डोक्यावरून खाली घेतला. जहाज या बाजूला कललेलं, लाटांनी पत्रा फाटलेला. गंजलेल्या पत्र्यावर ऊन पडून सगळं नारिंगी झालं होतं. फटीतून ऊन थेट आत गेलं होतं. मागची भिंत, कप अडकवायचे आकडे, शेगडी, सगळं स्टुडिओतल्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं. मी फोटो काढत सुटले.

बाबा मात्र शेगडीकडेच बघत होते. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी अंडी उकडत ठेवली होती. जहाज आदळलं, कप्तान ओरडले, पळा. गॅस बंद केला की नाही, हेच आठवत नाही. नऊ वर्षं मन खातंय बघ. आपलं स्वयंपाकघर असं सोडून आलो."

मी लांबची लेन्स लावली, फोटो काढला आणि पडद्यावर मोठा केला. शेगडीची तिन्ही बटणं दिसत होती.

"बंद आहेत, बाबा. तिन्ही!"

त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. मग असे हसले की बगळे उडाले.

"पळता पळता केलं वाटतं! हात शहाणा निघाला."

परतताना पाणी कमरेला लागलं. इस्त्रीची पार वाट लागली, पण बाबांची जीभ थांबेना.

दुपारी त्यांनी जुन्या सोबत्यांना फोन लावले. संध्याकाळी सातजण घरी हजर. फोटो हातोहात फिरला, कुणाची झोपायची जागा कुठे होती यावर भांडण जुंपलं. आई बाबांना ओट्याकडे ढकलत म्हणाली, "तुमची माणसं, तुम्हीच रांधा!"

बसायला जागा पुरेना, म्हणून मी स्टुडिओतली स्टुलं आणायला गेले.