टपालताईची सुरगाठ

जिल्हा स्काउट कार्यालयाचे मासिक पत्रक दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळेच्या सभागृहाच्या दाराशी लागत असे, आणि ते कुणीही वाचत नसे. त्यात दुसऱ्या पथकांनी लावलेली झाडे असत, पदभ्रमणाहून परतलेल्या मुलांच्या रांगा असत आणि प्रत्येक छायाचित्रात नेमके एक मूल डोळे मिटून उभे असे. शेवटच्या पानावर, ‘प्रशिक्षणाच्या संधी’ या मथळ्याखाली, स्वयंसेवक होऊ इच्छिणाऱ्या प्रौढांना एक आर्जवी निमंत्रण असे. या महिन्यात मात्र त्या निमंत्रणाखाली लाल रेघ मारलेली होती, आणि रेघेखाली दंतवैद्यांच्या गिचमिड अक्षरात लिहिले होते : ‘पालकांनी आज थांबावे. पाच मिनिटे.’

पाच मिनिटांची पंचवीस झाली. दंतवैद्य हे पथकाचे धाकटे प्रशिक्षक; थोरले म्हणजे शाळेचे जुने कवायतमास्तर, एकोणीस वर्षे पथक चालवून ते आता लेकीच्या गावी राहायला गेले होते. नियम असा, की प्रत्येक पथकाला दोन प्रशिक्षित प्रमुख हवेत. महिनाअखेरपर्यंत दुसरा मिळाला नाही, तर पथकाची नोंद रद्द होणार होती आणि चोवीस मुलांची नावे नदीपलीकडच्या पथकात जाणार होती.

“नदीपलीकडे म्हणजे दोन बस,” दंतवैद्य म्हणाले. “पहिल्या महिन्यात दहा पोरं गळतील, दुसऱ्यात आठ. तिसऱ्यात आपणच म्हणू, अरे, स्काउट नावाचं काहीतरी असायचं नाही का इथे? मला फक्त एक माणूस हवाय. तीन दिवसांचं शिबिर आहे. फार अवघड नसतं हो.”

पालकांनी आपापल्या चपला-बुटांकडे इतक्या आस्थेने पाहिले, जणू ती पादत्राणे त्यांना आजच प्रथम भेटत होती.

“मी जाऊ का?” दाराजवळून एक आवाज आला.

“हो हो, निघा ना तुम्ही, उशीर झालाय,” दंतवैद्य वर न पाहताच म्हणाले.

“तसं नाही. शिबिराला जाऊ का, म्हणतेय मी.”

दाराजवळ उभी होती ती पोस्टातली पार्सल-खिडकीवरची बाई. मुले तिला टपालताई म्हणत. तिची भाची या पथकात होती आणि दर शनिवारी तिला न्यायला ती येत असे; नेहमी अर्धा तास आधी. का, ते तिने स्वतःलाही सांगितले नव्हते. सव्वीस वर्षे तिने खिडकीच्या चौकोनातून माणसे कोपरापर्यंतच पाहिली होती : खोकी पुढे सरकवणारे हात, पावत्या मागणारी बोटे. इथे दारात उभे राहिले की माणसे अख्खी दिसत. लहान होती, घामेजलेली होती, एकमेकांच्या पायांत पाय अडकवून पडत होती. पण अख्खी होती. तो अर्धा तास तिच्या आठवड्याचा दिवा होता, आणि आता कुणीतरी तो विझवायला निघाले होते.

घरी बहिणीने मासे चिरता चिरता बातमी ऐकली.

“तू? पथक सांभाळणार? अगं, आपल्या घरातलं मांजर तुझ्या हाकेला वळून बघत नाही!”

“मांजर कुणाच्याच हाकेला बघत नसतं.”

“माझ्या बघतं.”

“ते तुझ्या हातात मासा असतो म्हणून, आई,” भाची म्हणाली, आणि विषय तेवढ्यावर मिटला. पुढच्या शुक्रवारी टपालताई पाठीला पिशवी लावून, नव्या बुटांनी करकरत, शिबिराला निघाली.

शिबिर शहराबाहेर, वनखात्याच्या आवारात होते. एकोणीस प्रौढ शिकायला आले होते आणि शिकवायला होती एक निवृत्त मेट्रन : ताडमाड उंच, आवाज मात्र रुग्ण नुकताच झोपला असावा इतका हलका. पहिल्याच दुपारी तिने सर्वांच्या हाती हातभर दोर दिला आणि गाठींचा तास सुरू झाला. टपालताईच्या मनात तेव्हा प्रथमच भीतीच्या जागी काहीतरी उबदार हलले. दोर! दोराला तर ती स्वतःच्या केसांइतकी ओळखत होती. शेजारचा बेकरीवाला दोराचे टोक शोधत होता तोवर तिच्या चार गाठी मारून झाल्या.

मेट्रन वाकली. एकेक गाठ तिने अंगठ्याने दाबून पाहिली. “वा! दगड आहेत दगड. आता सोडा.”

“सोडू?”

“हो. सोडा.”

“सोडायची कशाला?” टपालताईने मनापासून विचारले, आणि सगळा तंबू हसला.

पण तिचा प्रश्न खराच होता. सव्वीस वर्षांत तिने बांधलेली एकही गाठ तिने सुटताना पाहिली नव्हती. गाठ खिडकीआड जाई, गाडीत चढे, आणि कुठल्यातरी दूरच्या घरी कुणीतरी अनोळखी हात ती कात्रीने कापून टाकी. गाठीला उत्तरायुष्य असते, हे तिला ठाऊकच नव्हते.

“ताई, तंबू पोस्टाने पाठवायचा नाहीये,” मेट्रन म्हणाली. “परवा आपल्यालाच उतरवायचाय. आणि आमच्याकडे एक नियम आहे. दोर कापायचा नाही. काहीही झालं तरी.”

दोष कुठे होता, तेही त्याच संध्याकाळी सापडले. सुरगाठ मारताना दोराचा दुमडलेला पदर वेढ्यात नुसता खोचायचा असतो. मग ओढताच तो निसटतो. टपालताई पदर खोची, बरोब्बर खोची, आणि त्यानंतर तिचा उजवा हात, तिला न विचारता, वर अर्धा पीळ देई. नोकरीच्या पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या कारकुनाने शिकवलेला तो पोस्टाचा पीळ होता. आणि त्या पिळाने सुरगाठीची निरगाठ होऊन बसे. दुसरा दिवस सबंध तिने सरावात घालवला. डोळे रोखून पाहिले की गाठ ठीक येई; लक्ष पापणीएवढे हलले, की पीळ हजर. सवय ही घरात शिरलेल्या पाहुण्यासारखी असते. तिला निरोप कितीही द्या, ती चहाला थांबतेच.

आणि तिसऱ्या सकाळी ध्वजाची पाळी तिच्यावर आली.

स्काउटांचा ध्वज उलगडलेला वर जात नाही. त्याची घडी करतात, घडीभोवती दोराचा वेढा घेऊन सुरगाठ मारतात, ते गाठोडे खांबाच्या टोकापर्यंत चढवतात, आणि मग खालून एकच हिसका. गाठ सुटते, ध्वज उमलतो. तो उमलेपर्यंत सगळे ताठ उभे असतात. उमलला की सलामी, आणि मग गीत. सगळ्या दिवसाचे दार त्या एका हिसक्याने उघडते.

टपालताईने हिसका दिला. काही झाले नाही. तिने पुन्हा दिला. खांब किंचित लवला आणि पूर्ववत झाला. निळ्याशार, निर्मळ, कशाचीही घाई नसलेल्या आकाशात एक नीटनेटके, चौकोनी, चारी बाजूंनी बंदोबस्त केलेले पार्सल लोंबकळत होते.

“पत्ता टाकलाय ना वर?” बेकरीवाला ओठ न हलवता पुटपुटला, आणि सावधान उभी असलेली अठरा प्रौढ माणसे खांद्यांतून गदगदू लागली.

ध्वज खाली घ्यावा लागला. गाठ सुटायला अकरा मिनिटे लागली. बेकरीवाल्याने पश्चात्तापाने आपला चाकू पुढे केला, तो तिने मान हलवून नाकारला, आणि नखांनी, पदर पदर उकलत, ती सोडवली. आपण बांधलेली गाठ आयुष्यात प्रथमच तिने आपल्या हातांनी सुटताना पाहिली. ते सुख होते की शरम, हे तिला कळेना. दोन्ही एकाच दोरात वळलेली होती.

दुपारी मेट्रनने मूल्यमापनाचा कागद दाखवला. प्रथमोपचार, नकाशा, मुलांची सुरक्षितता, खेळ : सगळीकडे खुणा होत्या. एका चौकटीत मात्र लिहिले होते : ‘पुन्हा.’

“ध्वजाशिवाय प्रमाणपत्र देता येत नाही मला,” मेट्रन म्हणाली. “पण शनिवारी मी तुमच्या पथकात येते. मुलांसमोर करून दाखवा. कार्यालयात नावं सोमवारी जातात, म्हणजे वेळ आहे.”

“किती वेळा करायला मिळेल?”

“एकदा. ध्वज दिवसातून एकदाच उघडतो ना, ताई?”

निरोप घेताना तिने हात पुढे केला. डावा, कारण स्काउट डाव्या हाताने हात मिळवतात. टपालताईचा हात हाती घेऊन ती क्षणभर थांबली. मेट्रनच ती; हात म्हटला की तपासणारच. “गंमत आहे. दोराच्या कामाला असून किती मऊ हात हा तुमचा!”

परतीच्या बसमध्ये टपालताईने दोन्ही तळवे मांडीवर उपडे केले, उताणे केले. उजव्याच्या तर्जनीवर सुतळीने कोरलेली खाच होती, तळव्यावर घट्टे होते. डावा कोवळा होता. सव्वीस वर्षे त्याने फक्त खोके धरले होते. गाठ मारली ती उजव्याने. एकाला केव्हाच नोकरी लागली होती, आणि दुसरा अजून उमेदवार होता. त्याला काहीच येत नव्हते. पीळसुद्धा येत नव्हता!

ती इतक्या मोठ्याने हसली, की पुढच्या बाकावरच्या आजोबांनी वळून आपली टोपी चाचपली. मग तिने पिशवीतून दोर काढला, आणि डाव्या हाताला पहिला धडा दिला.

तो आठवडा घरात केरसुणीचा दांडा हा ध्वजस्तंभ होता आणि भांडी पुसायचे फडके हा ध्वज. डावा हात बालवाडीतल्या मुलासारखा होता : हळू, गोंधळलेला, आज्ञाधारक. भाची हिसका द्यायची, फडके उमलायचे, कधी नुसतेच गळून पडायचे. पण पार्सल झाले नाही. बुधवारी बहीण दारात येऊन उभी राहिली.

“वय काय, चाललंय काय! पोळ्या करपल्या तिकडे.”

“मग जा ना.”

बहीण गेली नाही. “इकडे दे गं, एकदा मला ओढू दे,” ती म्हणाली. आणि फडके उमलले तेव्हा “हं” एवढेच म्हणून गेली. त्या दिवशी दुसऱ्यांदा टाकलेल्या पोळ्याही करपल्या.

शनिवारी शाळेच्या पटांगणात चोवीस मुले खांबाभोवती घोड्याच्या नालेसारखी उभी राहिली. मागे पालक होते, आणि या वेळी त्यांची नजर चपलांवर नव्हती. मेट्रन कागद घेऊन खुर्चीत बसली. दंतवैद्यांचा चेहरा त्यांच्याच खुर्चीत बसलेल्या रोग्यासारखा झाला होता.

टपालताईने ध्वजाची घडी केली. उजवा हात तिने नुसता घडी धरायला ठेवला आणि डाव्याने, जीभ दातांत धरून, वेढा घेतला, पदर दुमडला, खोचला. उजव्याची बोटे एकदा वळवळली. तिने त्यांना घडीखाली दाबून धरले.

“टपालताई डावखुरी कधीपासून झाली?” रांगेतून कुजबुज आली.

“रविवारपासून,” भाचीने गंभीरपणे माहिती दिली.

गाठोडे वर चढले. खांबाच्या टोकाशी टेकले. तिने डावा हात उंचावला, दोर धरला आणि ओढला.

दोर ताणला गेला, एक क्षण तसाच ताणलेला राहिला, त्या एका क्षणात तिला सव्वीस वर्षांची सगळी खोकी रांगेने समोरून जाताना दिसली. आणि मग वर काहीतरी सैल झाले. आधी एक कोपरा सुटला, मग दुसरा, मग वाऱ्याला सुगावा लागला, आणि ध्वज असा उमलला, की जणू आकाशाचीच एक घडी कुणी मोडली.

टपालताई पाहत राहिली. तोंड उघडे ठेवून पाहत राहिली.

“मावशी! सलामी!” भाची दातांतल्या दातांत म्हणाली.

टपालताई दचकली आणि तिने खाडकन सलाम ठोकला. डाव्या हाताने. आठवडाभर घरचा कारभार त्याच्याकडे होता. मानाच्या जागीही तोच धावला.

सलामी उजव्या हाताची असते, हे पथकातल्या सर्वांत धाकट्या मुलालाही ठाऊक होते. चोवीस मुलांनी तिच्याकडे पाहिले. मग, एकानेही न कचरता, चोवीस डावे हात एकदम कपाळाशी गेले.

दंतवैद्यांनी डोळे मिटून घेतले. मेट्रन खुर्चीतून उठली, तिची उंची संपायला जरा वेळ लागला, आणि तिने तोंडावर कागद धरला. कागद हलत होता. “ह्यांचं ऐकतात हो पोरं,” ती कशीबशी म्हणाली. “चुकलं तरी ऐकतात! आता ह्यांना बरोबर ते शिकवावंच लागेल.” आणि दंतवैद्यांच्या पाठीचे टेबल करून तिने सही केली.

गीत झाले, बेसूर, पण सगळ्यांचे एकाच दिशेने बेसूर. ते संपताच रांगा मोडल्या आणि मुलांनी टपालताईला गराडा घातला. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत सगळीकडे मुले होती.

“पुढच्या शनिवारी काय घेणार मग?” मेट्रनने त्या गर्दीवरून विचारले.

याचा विचार टपालताईने केलाच नव्हता. तिचा सगळा विचार आजच्या हिसक्यापाशी येऊन थांबला होता. “पुढच्या शनिवारी,” ती म्हणाली, आणि ते दोन शब्द तिला इतके चविष्ट लागले, की तिने ते पुन्हा उच्चारले. “पुढच्या शनिवारी… आपण नदीवर जाऊ. चालत.”

“किती वाजता?” चोवीस आवाज.

“साडेआठला. आणि सांगून ठेवते, कुणी उशीर केला तर…” तिला धमकी सुचेना.

“तर?”

“तर मी थांबेन,” ती म्हणाली.