कुमारदादाची ओवाळणी

सुधीरला अमेरिकेचा राग होता, आणि जेवायला बसलं की तो जास्त यायचा. जर्मनीत, आखनमध्ये, गिअरबॉक्सवर काम करणारा हा इंजिनिअर कंपनीच्या कामासाठी एकदाच, नऊ दिवस, ओहायोला जाऊन आला होता. त्या नऊ दिवसांवर त्याने पाच वर्षं गप्पा मारल्या. "बादलीएवढा कोक पितात!" असं सांगताना तो हातांनी बादली दाखवायचा, आणि दरवर्षी ती थोडी मोठी व्हायची.

ऐकायला खालच्या मजल्यावरचे हेर ब्रॉयर, म्हणजे ब्रॉयरसाहेब, असायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, रोज दोन बीअर आणि तीन सॉसेज न चुकता घेणारे. "शिस्त नाही त्या लोकांना," ते म्हणायचे. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत सुधीर त्यांच्या ग्लासाला ग्लास लावायचा.

२०१४ ची भाऊबीज शनिवारी आली. सुधीरच्या बायकोचा, शुभाचा, मोठा भाऊ कुमार शिकागोला असायचा. ब्रसेल्सला त्याची मीटिंग होती, म्हणून वाटेत एक दिवस तो आखनला यायचा होता. अकरा वर्षांनी भाऊबीज होणार म्हणून शुभा आठवडाभर तळत होती. सुधीरची तयारी वेगळी होती. त्याने हेर ब्रॉयरना कॉफीला बोलावलं, "खरा अमेरिकेतला माणूस बघायला मिळेल," असं सांगून. आणि जेवणाच्या टेबलाच्या एका खुर्चीचे स्क्रू आवळून ठेवले.

स्टेशनवर उतरला तो काठीसारखा माणूस. पोट आत, गालफडं वर, पाठीला छोटी सॅक. सुधीरचा चेहरा पडला.

घरी शुभाने चकली, अनारसे, शंकरपाळे समोर मांडले. कुमारने चकलीचा एक तुकडा मोडला, डोळे मिटून चावला आणि म्हणाला, "आईची चव आहे गं." उरलेली चकली परत ताटलीत ठेवली. मग सॅकमधून स्वतःचा डबा काढला. उकडलेले मूग आणि भिजवलेले बदाम.

"साखर, तळण, सगळं बंद केलं मी. आठ वर्षं झाली."

पाठोपाठ त्याने दोन चंदेरी पाकिटं काढली. त्यांच्यावर नाव नव्हतं, नुसते आकडे होते. "ऑफिसचं आहे. नवीन. आवडतंय का बघा." दोन वाडग्यांत त्याने चिप्स ओतले, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मोबाइल शेजारी ठेवला.

हेर ब्रॉयर आले, आणि सुधीरने विषयाला हात घातलाच. अमेरिकेत माणसं इतकी जाड, दोष कोणाचा?

"सरकारचा," सुधीर म्हणाला. "मक्याला सबसिडी देतात, त्या मक्याचा पाक करून सगळ्यात घालतात. आल्झो, म्हणजे सरकारच." त्याचा हात डाव्या वाडग्यात गेला.

"आयांचा," हेर ब्रॉयर म्हणाले. "कोणी स्वयंपाकच करत नाही." त्यांचा हातही डाव्या वाडग्यात होता.

कुमार शांतपणे बदाम चावत होता. "हे बघा सुधीरराव, दोष खाणाऱ्याचा. पाकिटावर सगळं छापलेलं असतं. कोणी तोंड उघडून कोंबतं का?"

यावर अर्थातच वाद पेटला. सुधीर जर्मनमध्ये, इंग्रजीत आणि मराठीत एकदमच भांडू लागला. शुभा चहा ओतता ओतता एकेक चिप उचलत होती. त्यांची नऊ वर्षांची मुलगी अन्वी टेबलाच्या कडेला चिकटून उभी होती. मराठी सगळं कळायचं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "मेअर, बिटं!" ती म्हणाली. आणखी हवे होते, पण डावा वाडगा रिकामा झाला होता.

कुमारने मोबाइलकडे पाहून काहीतरी टिपून घेतलं.

"एकोणीस मिनिटं."

"काय एकोणीस?" सुधीरने विचारलं.

"डावा वाडगा. चौघांत एकोणीस. ओहायोत सव्वीस लागतात." तो खूश दिसत होता. "जीभ कंटाळायच्या जरा आधी मीठ आवरतं घ्यायचं. पोट भरलं हे कळू द्यायचं नाही. चिप्सच्या कंपनीत मी चवीवर काम करतो ना, ते हेच."

सुधीरने बोटं पँटला पुसली. हेर ब्रॉयरना कोणी भाषांतर करून दिलं नाही, ते उजव्या वाडग्याकडे वळले.

शुभाने किटली खाली ठेवली. "दादा, तू तुझ्या मुलाला, वेदांगला, देतोस हे?"

"छे गं! आमच्या घरात असलं काही येत नाही."

"अन्वीला दिलंस."

"अगं, सँपल होतं ते."

 थोड्या वेळाने शुभाने पाट मांडला, निरांजन लावलं, दादाला टोपी दिली. कुंकू लावून ओवाळलं तेव्हा कुमारचे डोळे खरंच भरून आले. "अकरा वर्षांची राहिलीय," तो म्हणाला. "हवी ती ओवाळणी माग."

शुभाने त्याच्या सॅकमधून डाव्या वाडग्याच्या पाकिटावर होते तेच आकडे असलेलं दुसरं पाकीट काढलं, फोडलं, वाडगा भरला आणि पाटासमोर ठेवला.

"हा संपव."

कुमार हसला. ती हसली नाही.

"शुभे, आम्ही गिळत नाही गं. चव बघायची आणि थुंकायचं, तशी पद्धतच आहे. आठ वर्षांत एकही गिळलेला नाही मी."

"मग आज गिळ. मी काही तोंड उघडून कोंबत नाहीये."

 ओवाळणी माग म्हटल्यावर भाऊ मागे कसा फिरणार? कुमारने पहिला चिप औषधासारखा तोंडात टाकला. दुसरा तसाच. चौथ्या-पाचव्यानंतर तो बहिणीकडे बघायचा थांबला. मांडी घालून, टोपी घातलेला, कपाळावर कुंकू, आणि हात वाडग्यात जातोय नि येतोय. शेवटी बोट ओलं करून त्याने तळाचा चुरा टिपला.

"अकरा मिनिटं," हेर ब्रॉयर मनगटावरच्या घड्याळात बघून म्हणाले. एवढं मात्र त्यांना न सांगता कळलं होतं.

कुमारने रुमालाने तोंड पुसलं. "फार चांगलं काम केलंय मी," तो हळूच म्हणाला. हा गर्व होता की दुसरं काही, ते शुभाला ओळखता आलं नाही. रविवारी सकाळी तो ब्रसेल्सला गेला. डब्यातले मूग तसेच राहिले होते.

मार्चमध्ये शिकागोहून खोकं आलं. आत रंगीत पाकिटं, चोवीस, आणि एक चिठ्ठी. 'माल जर्मनीत पास झाला. तुमच्या घराचे आभार.'

"एकच फोडू," सुधीर म्हणाला. "नुसतं बघायला."

शुभा खोकं उचलून खाली अंगणात गेली. आखनमध्ये कचराही शिस्तीत टाकावा लागतो. खाणं एका डब्यात, पाकिटं पिवळ्या पिशवीत, खोकं कागदाच्या डब्यात. थंडीत उभी राहून तिने एकेक पाकीट फोडलं, उलटं केलं, झटकलं. चोविसावं संपलं तेव्हा दोन्ही हात लाल मसाल्याने माखले होते. वर जाऊन धुवायचे होते. जिन्यात कोणी नाही असं बघून तिने आधी अंगठा चाटला, मग एकेक करून बाकीची बोटं.