टिकलीआडची मासोळी

मोबाईलला डोळे असतात हे निर्मलाबाईंना कुणीतरी सांगितलं, त्याच दिवशी त्यांनी ते झाकून टाकले. रोज रात्री काढून आरशावर चिकटवलेल्या टिकल्या होत्याच. त्यातली एक मोठी मरून रंगाची मागच्या कॅमेऱ्यावर, एक बारकी पुढच्यावर. आता हा आंधळा, असं समजून त्या कुडव्याहून बोदलकशाला निघाल्या, आणि आपल्याइतकी हुशार बाई साऱ्या जिल्ह्यात नसेल, असं बसमध्ये तिरोडा मागे पडला तरी त्यांना मनापासून वाटत राहिलं.

जायचं चोरून, कारण जायचं ते मासोळी खायला. निर्मलाबाईंनी कंठी घेतली होती, म्हणजे गळ्यात तुळशीची माळ आणि मांसमच्छी बंद. भजन मंडळात सगळ्यांच्या आधी घेतली, घरात सुनेची मासोळी बंद केली, आणि मंडळातल्या मंजूबाईच्या फ्रिजमधली अंडी स्वतः उभं राहून बाहेर काढायला लावली. तेवढ्यावर त्यांना अध्यक्षपद मिळालं. आणि या अध्यक्षबाई दर महिन्याला बोदलकशाच्या तलावाकाठी आपल्या शाळेतल्या मैत्रिणीच्या, स्वतः जाळं टाकणाऱ्या लीलाबाईच्या, चुलीपुढे बसून झिंग्यांचा रस्सा ओरपत.

"कंठी खुंटीले टांग अन् बस," लीलाबाई म्हणायची.

घरी सांगायचं काय? कुणाची तरी तेरवी आहे. असं करत करत त्यांनी माहेरची निम्मी माणसं मारली होती.

मध्ये महिनाभर दम निघत नसे. मग दुपारी आवाज बंद करून त्या मोबाईलवर मासोळीचे व्हिडिओ बघत. नुसतं बघितल्यानं कंठी बाटत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. लहानपणी गावात कुणाकडे मासोळी शिजली की वासानंच गल्लीला कळायचं. शेजारीण कुंपणावरून विचारायची, "काय शिजून राहिलं वो?" पण ती वाटीभर रस्सा घेऊन जायची आणि चार दिवसांत विसरायची. मोबाईलला ना वास येत, ना तो काही मागत. त्यामुळे निर्मलाबाईंना त्याची भीती वाटली नाही.

एकादशीला मंडळ घरी जमलं. भजन लावायला सून दामिनीनं टीव्ही सुरू केला, आणि भिंतभर मासोळ्याच मासोळ्या. तळलेली, रस्स्यातली, काटे काढलेली. खाली लिहिलेलं, 'तुमच्यासाठी निवडलेले'.

मंजूबाईचा आवाज फार गोड झाला. "अध्यक्षबाई, हे कोण पाहून राहिलं तुमच्या घरी?"

निर्मलाबाई रिमोट शोधू लागल्या. दामिनी म्हणाली, "मी, मावशी. जुनी सवय जात नाही."

बायका गेल्यावर त्या स्वयंपाकघरात सुनेपुढे उभ्या राहिल्या. "तू काऊन घेतलं अंगावर?"

"मग काय सांगू? टीव्ही तुमच्याच मोबाईलच्या खात्यावर चालते आई. तुम्ही जे पाहता ते तिथं येते." दामिनी भांडी घासतच राहिली. "अन् तुम्ही बोदलकशाले जाता ते बी दिसते. यांनी मागंच मोबाईलमध्ये लावून ठेवलं, तुम्ही कुठं हरवू नये म्हणून. नकाशावर ठिपका चालते."

"मी टिकली लावली होती."

"हो. त्यानं फोटो लाल येऊन राहिले फक्त."

म्हणजे त्या पदर डोक्यावर ओढून, तोंड खिडकीकडे करून बसमध्ये बसत, तेव्हा घरात चहा पिता पिता मुलगा-सून दोघं ठिपका बघत होते. शिवाय मेलेल्या नातेवाइकांची चौकशीही गंभीर तोंडानं करत होते.

संध्याकाळी मुलगा उमेंद्र पिशवीभर मासोळी घेऊन आला. "आई, चोरून कायले जातेस? पाहिजे तेव्हा मी आणतो. बसचे धक्के कायले खायचे?"

निर्मलाबाई खायला बसल्या. रस्सा चांगला होता. तरी घास फिरत होता. दोघं प्रेमानं त्यांच्याकडे बघत होते, तेच नको होतं.

पुढच्या महिन्यात त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या.

"कोणाची तेरवी?" दामिनीनं विचारलं.

"कोणाची नाही. लीलाकडे जाऊन राहिली. उद्या येईन."

आधी त्या मंजूबाईच्या दारी गेल्या. एकादशीपासून मंडळात दामिनीच्या नावानं कुजबुज चालली होती, ती त्यांच्यानं ऐकवत नव्हती. "ते मासोळीचं माझं होतं. पोरीचं नाही." मंजूबाईनं चेहरा दुःखी केला आणि उभ्या उभ्या अध्यक्षपद घेतलं.

तिरोड्याच्या पुढे बसमध्ये शेजारची बाई सरकून बसली. "कुठं जाऊन राहिल्या, आजी?"

तोंड खिडकीकडे वळवायची वेळ झाली होती. पण आज ठिपका घरी टेबलावर होता, आणि पोटात काही राहत नव्हतं. निर्मलाबाईंनी बोदलकसा सांगितलं. लीलाबाई सांगितली, कंठी सांगितली, सुनेनं कसं अंगावर घेतलं ते सांगितलं. पुढच्या सीटवरचा माणूसही मान वळवून ऐकू लागला. त्यांनी आवाज थोडा वाढवला.

"अन् आज काय," बाईनं विचारलं, "झिंगेच का?"

"पाहू," निर्मलाबाई म्हणाल्या, "तिच्या जाळ्यात काय आलं ते."