नाळेचं रक्त

सकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की किशोरी अंगणात बांगडे निवडायला बसायची आणि सलोनी पायरीवर टेकून आईकडे बघत राहायची. सात वर्षांची पोर, पण दिसायला चारची. तिला थॅलेसेमिया होता. बाहेरचं रक्त चढवलं की थोडे दिवस गालांवर रंग यायचा, मग पुन्हा ती मेणासारखी पिवळी पडायची. तोंडवलीच्या त्या घरात दोन होड्या होत्या, खाऊन-पिऊन सुख होतं. पण पोरीला इस्पितळात न्यायचा दिवस आला की सासूच्या, यशोदाबाईंच्या कपाळाला आठी पडे.

किशोरीला पुन्हा दिवस गेले तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी आशा दाखवली. "बाळ जन्मलं की नाळेत उरलेलं रक्त साठवून ठेवा. जुळलं तर सलोनी बरी होऊ शकेल. बाळाचं काही जात नाही, नाहीतरी ते रक्त फेकूनच देतात." किशोरीचा भाऊ यतीन याने रक्तपेढीतून थर्माकोलची पेटी आणून दिली. आत रक्त घ्यायची खास पिशवी होती. किशोरीने ती देवघरात ठेवली. नवरा गुरुदासही तेव्हा हो म्हणाला होता.

मग यशोदाबाईंनी सुनेला घाटावर नेऊन चोरून सोनोग्राफी करून घेतली. मुलगा होता. त्या दिवसापासून किशोरीला मायेने वाढलं जाऊ लागलं, आणि सलोनीचं नाव निघालं की विषय बदलू लागला.

कळा सुरू झाल्या. मालवणच्या इस्पितळात निघताना किशोरीने कण्हत विचारलं, "पेटी घेतलात मां?"

"घेतलंय," गुरुदास म्हणाला.

मुलगा झाला. "पिशवी आणा, लवकर!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नर्स बाहेर गेली आणि रिकाम्या हातांनी परतली. मागोमाग यशोदाबाई दारात उभ्या राहिल्या.

"पेटी खंय आसा?" किशोरी ओरडली.

"ती होय? ती काल सुरमय भरून बाजारात गेली. पिशवी टाकलंय खाडीत. झिलाचा रगत चेडवाक देतलंस? चेडू परक्या घरचा गो!"

किशोरीने सासूमागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "अवो, तुमी तरी काय सांगा."

"आये बरोबर सांगता," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "उद्या झिलाकच काय झाला तर?"

"अहो, मुलीला दिलं तरी मुलाचं काहीच जाणार नव्हतं," डॉक्टरीणबाई कळवळून म्हणाल्या. पण पिशवीच नव्हती. नाळ कापली गेली. रक्ताने भरलेली वार बादलीत पडली, आणि आया बादली उचलून घेऊन गेली. बाहेर पेढे वाटणं सुरू झालं होतं.

पुढे यतीनने घरच्यांच्या नकळत बाळाची तपासणी करून घेतली. भावाबहिणीचं पूर्ण जुळत होतं. आता बाळ मोठं होईपर्यंत थांबायला हवं, मग त्याच्या हाडातला मगज घेता येईल, एवढंच डॉक्टर म्हणाले. सलोनीचं काळीज मात्र थकत चाललं होतं. अंथरुणाला खिळलेली पोर रोज विचारायची, "आये, बाबू अजून किती दिसांनी मोठो जातलो?" असंच एकदा विचारून तिने आईच्या मांडीवर डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत.

सुतक फिटलं न फिटलं तोच मुलाचा पहिला वाढदिवस आला. अंगणात मंडप पडला, पंगती बसल्या. "एक गेला तरी वंशाचो दिवो आसा," यशोदाबाई कौतुकाने सांगत होत्या. वाढता वाढता किशोरी थांबली. भाताची परात तिने खाली ठेवली.

"माझ्या चेडवाक रोगान मारूक नाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तेचा औषध माझ्या पोटातसून इला होता. ह्यांनी ता बादलीत टाकूक लावल्यानी. कित्याक, तर ता चेडू होता म्हणान!"

"गप रव!" यशोदाबाई ओरडल्या.

"आजवर गप रवलंय, म्हणानच ता गेला."

तिने मुलाला कडेवर घेतलं आणि मसुऱ्याची, माहेरची वाट धरली. गुरुदास जागचा हलला नाही. पंगतीत घटकाभर कुणाचा घास उचलला गेला नाही. मग कुणीतरी हलक्या आवाजात सोलकढी मागितली, आणि वाढप पुन्हा सुरू झालं.